त्या रकान्यात नेमकं लिहायचं तरी काय?

प्रवासविम्याच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘प्रवासाचा एकूण खर्च’. शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. आमची तिकिटं माइल्सवर, म्हणजे एअरलाइन नेहमीच्या प्रवाशांना बक्षीस म्हणून देते त्या पॉइंटांवर काढलेली. खिशातून गेले ते कर, विमानतळाचे आकार आणि तो मेला फ्युएल सरचार्ज. तेवढाच आकडा टाकला. फॉर्म म्हणतो, ‘दोन प्रवाशांसाठी ही रक्कम फार कमी वाटते, कृपया तपासून पाहा.’ तपासली. तीच होती. मग शून्य टाकलं. शून्य चालत नाही. शेवटी डोकं फिरलं आणि गेलेल्या माइल्सचा आकडाच ठोकून दिला. तर त्या शहाण्याने ते माइल्स म्हणजे रोख पैसे समजून असा काही प्रीमियम दाखवला, की मी खुर्ची मागे सरकवून उठलेच.

लावला हेल्पलाइनला फोन. आधी ते संगीत. हे संगीत निवडणाऱ्या माणसाला एकदा भेटायचं आहे मला, पण तो वेगळा विषय. मग एक अतिशय नम्र मुलगा आला.

“मॅडम, तिकिटाची बाजारात जी किंमत असेल ती लिहा.”

“म्हणजे प्रवास रद्द झाला तर तेवढे पैसे मिळतील?”

“ते क्लेम विभाग ठरवेल, मॅडम.”

“काय बघून ठरवेल?”

“पावती बघून.”

“पावतीवर फक्त कर आहेत.”

“मग कर मिळतील, मॅडम.”

“मग मी प्रीमियम अख्ख्या तिकिटावर का भरायचा?”

शांतता. आणि नंतर ते अजरामर वाक्य: “मॅडम, मी तुम्हाला दोन मिनिटं होल्डवर ठेवू का?”

पुन्हा संगीत. मग त्याच्या वरिष्ठ आल्या. या बाईंचा सूर असा, की जणू मी त्यांची दुपारची झोप मोडली. त्या म्हणाल्या, फक्त खर्च झालेलीच रक्कम लिहायची असते. मी म्हटलं, तुमचा फॉर्म ती घेत नाही. तर म्हणतात, “मग थोडी वाढवून लिहा ना.”

थोडी वाढवून! विम्याच्या अर्जात! आणि त्याच अर्जाच्या तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत छापलंय की दिलेली माहिती चुकीची आढळल्यास पॉलिसी रद्द समजण्यात येईल. म्हणजे खरं लिहिलं तर अर्ज पुढे सरकत नाही, आणि खोटं लिहिलं तर क्लेम सरकत नाही. मी हेच त्यांना विचारलं, जरा चढ्या आवाजात विचारलं असेल, तर म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही आम्हाला ईमेल करा.” फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज: आजच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

आणि इतक्यात मागून नवरा. “अगं, पण तिकीट फुकटच आहे ना आपलं?”

फुकट म्हणे. मधल्या सीटवर दोन्ही बाजूंच्या कोपरांमध्ये दबून जे मैल कमावले, ते फुकट? हव्या त्या कार्डाऐवजी पॉइंट देणारं कार्ड वापरलं, त्याची वार्षिक फी भरली, ते फुकट? दुप्पट माइल्स मिळतात म्हणून अवेळी निघणारं आडमार्गाचं विमान धरलं, तेव्हा फुकट नव्हतं वाटलं कुणाला. अवॉर्ड सीट, म्हणजे माइल्सवर मिळणारी जागा, उघडते कधी, बंद होते कधी, यावर पाळत ठेवायचं काम तर या घरात एकटीच करते. बाकीचे थेट विमानात चढतात.

मागच्या वेळचं आठवलं आणि आणखी पेटले. प्रवास अर्ध्यात सोडून यावं लागलं होतं. परतीचं अवॉर्ड तिकीट वाया गेलं, ऐनवेळी अवॉर्ड सीट काही मिळेना, म्हणून रोख पैसे मोजून आलो. विमा कंपनीचं पत्र आलं: वाया गेलेल्या माइल्सना रोख मूल्य नसल्याने त्यापुरतं नुकसान सिद्ध होत नाही. त्याच आठवड्यात एअरलाइनचा ईमेल: ‘माइल्स खरेदी करा, त्वरा करा, बोनस मिळवा!’ दर दिलेला. हजाराच्या पटीत, चक्क पैशांत. म्हणजे मी विकत घेताना माइलला किंमत आहे. माझा बुडाला की नाही.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाही. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली, कंपन्यांना पैशांची चणचण लागली, तेव्हा यांनी तारण काय ठेवलं? हेच. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने माइलेजप्लस या आपल्या माइल्स योजनेच्या जोरावर ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने स्कायमाइल्सवर ९ अब्ज. पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हान्टेजवर १० अब्ज. कर्ज देणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही की साहेब, या माइल्सना रोख मूल्य नसतं बरं का. आणि त्यांच्या टर्म्स उघडून पाहा: माइल्स ही सभासदाची मालमत्ता नाही, कंपनी नियम कधीही बदलू शकते. माझी मालमत्ता नाही, त्यांची मात्र अब्जावधींची.

नियम बदलतात म्हणजे कसे, तर पूर्वी निदान चार्ट असायचा. इथून तिथे इतके माइल्स, छापील. माणूस साठवायला बसला तर कुठवर पोहोचायचंय ते कळायचं. डेल्टाने २०१५ मध्ये चार्ट काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. आता सकाळी एक भाव, जेवून परत बघा, दुसरा. आपण गडावर चढतोय आणि कुणीतरी वरून पायऱ्या वाढवतंय. आणि कंपनीच बुडाली तर? २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅन्सेट ही एअरलाइन बुडाली, तिच्याबरोबर लोकांचे साठवलेले पॉइंटही गेले. तेव्हापासून ‘निवृत्तीनंतर मोठ्या सफरीसाठी साठवतोय’ असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. खर्च करा आधी!

कोर्टात जायचं म्हणाल, तर तेही झालंय. अमेरिकेत गिन्सबर्ग नावाचे एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते, नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या माइल्स योजनेचे वरच्या, प्लॅटिनम श्रेणीचे सभासद. तक्रारी फार करता, योजनेचा गैरफायदा घेता, असं म्हणत कंपनीने त्यांचं सभासदत्वच काढून घेतलं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की ‘कंपनी सद्भावनेने वागली नाही’ असा रब्बींचा दावा १९७८च्या विमान-नियंत्रणमुक्ती कायद्यापुढे टिकत नाही. संपलं. हे वाचलं तेव्हा मी त्वेषाने एअरलाइनला एक लांबलचक ईमेल लिहीत होते. ‘फार तक्रारी’ म्हणजे नक्की किती असतात, असा विचार मनात आला आणि ईमेल ड्राफ्टमध्येच ठेवून दिला. तिथे त्याला सोबत भरपूर आहे.

आता जरा थंड डोक्याने. म्हणजे पाणीबिणी पिऊन.

खरं सांगायचं तर रद्द होण्यापुरता विमा अवॉर्ड तिकिटाला घ्यावा असं त्यात फारसं उरतच नाही. तिकीट वेळेत रद्द केलं तर बऱ्याच योजनांत माइल्स खात्यात परत येतात, कुठे विनाशुल्क, कुठे थोडी फी कापून. करही बहुतेक वेळा परत मिळतात. मग विमा कंपनीच्या वाट्याला उरलं काय? ती परत जमा करायची फी. काही पॉलिसी तेवढी देतात, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत. आणि काही थोड्या पॉलिसी अशाही असतात की एअरलाइनने माइल्स परत करायला नकार दिला तरच त्यांचा विचार करतात. यासाठी मी त्या लाल चांदणीशी झटापट करत होते!

मात्र एक. विमान सुटायच्या आत रद्द करायचं. सुटल्यावर नाही. नो-शो झालात, म्हणजे रद्द न करताच विमानाला दांडी मारलीत, की बहुतेक ठिकाणी माइल्स आणि तुम्ही, दोघांनीही एकमेकांना विसरायचं. तापाने फणफणलेला माणूस आधी थर्मामीटर शोधतो, एअरलाइनचं अ‍ॅप नाही, हे यांना कुणी सांगायचं? आणि परत आलेल्या माइल्सची मुदत मधल्या काळात संपून गेली असेल, तर काही ठिकाणी ते मेलेलेच परत येतात. ही खास त्यांची दिलदारी.

हॉटेल, क्रूझ, सहल असं काही आधी पैसे भरून ठेवलं असेल आणि ते परत मिळणारं नसेल, तर गोष्ट वेगळी. तेवढ्याचा विमा काढावा, कारण त्याची पावती असते आणि पावतीपुढे क्लेम विभागसुद्धा नमतो. ‘कुठल्याही कारणाने रद्द’ अशी एक चैनीची सोय काही देशांत मिळते. तिच्यात साधारण ५० ते ७५ टक्के परत येतात. कशाचे टक्के? भरलेल्या रोख पैशांचे. पुन्हा तेच. शून्याचे ७५ टक्के काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

मग अजिबातच घ्यायचा नाही का? इथे माझी जीभ आखडते, कारण हॉस्पिटल. परक्या देशात पाय मोडला तर तिकीट माइल्सचं होतं की पैशांचं, हे तिथला डॉक्टर विचारत नाही. बिल सगळ्यांना सारखंच येतं. रुग्णाला स्ट्रेचरवर विमानाने हलवायचं झालं तर खर्च लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो. विमा खरा त्यासाठी. आणि गंमत बघा, नुसतं वैद्यकीय कवच देणाऱ्या पॉलिसी वेगळ्या मिळतात, त्यांत प्रवासखर्चाचा रकाना नसतोच किंवा शून्य चालतं. हे त्या वरिष्ठ बाई एका वाक्यात सांगू शकल्या असत्या. पण मग ‘थोडी वाढवून’ कशी विकता आली असती?

तुटक तिकिटांचं दुखणं निराळंच. अवॉर्ड सीट मोठ्या विमानतळावरून मिळते, तिथपर्यंत जायला वेगळं स्वस्त तिकीट काढायचं. पहिलं विमान रखडलं, दुसरं गेलं, की दोन्ही एअरलाइन हात वर करतात, कारण कागदोपत्री ते दोन अनोळखी प्रवास. पॉलिसीत ‘चुकलेलं कनेक्शन’ असतं खरं, पण किती तासांचा उशीर झाला तर, मध्ये किमान किती वेळ ठेवला होता तर, कशामुळे झाला तर, अशा ‘तर’ची माळ असते. मी एक रात्र मध्ये ठेवते. त्यावर नवरा म्हणतो, फुकट तिकिटापायी हॉटेलचा खर्च. बोलायचं नाही त्याच्याशी.

कार्डाबरोबर येणाऱ्या विम्याचंही तसंच. कुठल्या कार्डाला नुसते कर त्या कार्डावर भरलेले पुरतात, कुठल्याला पूर्ण भाडं लागतं, कुठल्याला स्वतःच्याच योजनेचे पॉइंट वापरलेले लागतात. छापील माहितीपत्रकात सुखी कुटुंबाचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो मोठा आणि ही ओळ बारीक. त्या फोटोतल्या बाईच्या टोपीवरही माझा राग आहे.

एक गोष्ट मात्र कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे ओरडून सांगते. विमान रखडलं वा रद्द झालं तर प्रवाशाला भरपाई देणारा युरोपियन युनियनचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियम माइल्सच्या तिकिटांनाही लागू आहे. फुकट प्रवास करणारे त्यातून वगळलेत, पण फ्रीक्वेंट फ्लायर, म्हणजे माइल्सच्या योजनेतली तिकिटं नियमात स्पष्ट लिहून आत घेतलीत. उड्डाण त्या नियमाच्या कक्षेतलं असेल, मोठ्या उशिराचा वा रद्द होण्याचा दोष कंपनीचा असेल, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. आंतरराष्ट्रीय प्रवासात हरवलेल्या बॅगेसाठी १९९९चा माँट्रियल करार आहेच, एअरलाइनने पैसे न घेता नेलेल्या प्रवाशालाही तो धरतो. काउंटरवर कुणी “सर, हे अवॉर्ड तिकीट आहे” असं तोंड वाकडं करून म्हणालं, तर हे म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवलंय. मुलं त्या वेळी आम्ही हिच्याबरोबर नाही अशी लांब उभी होती.

तर आता रात्री उशिरा मी त्या लाल चांदणीवाल्यांचा फॉर्म तसाच सोडला आणि दुसऱ्याच कंपनीची नुसती वैद्यकीय पॉलिसी काढली. खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिलं. तिने निमूटपणे घेतलं. नवऱ्याने झोपेतच विचारलं, “आणि माइल्स बुडाले तर?”

म्हटलं, बुडवून तर बघू देत. त्यापेक्षा हेल्पलाइनवाल्यांनीच माझ्यापासून विमा काढून ठेवावा, आणि खर्चाच्या रकान्यात थोडी वाढवून लिहावी.