ॲस्बेस्टॉसची धूळ कारखान्याच्या कुंपणापाशी थांबत नाही

सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज मिसळतात. अशा कारखान्याविषयी लोक काही सांगायला गेले की हमखास एक मजकूर पुढे केला जातो: त्रास झालाच तर आत काम करणाऱ्याला होतो, आपल्याकडचं पांढरं ॲस्बेस्टॉस निर्धोक आहे, आणि वीस वर्षं शेजारी राहून कुणाला काही झालेलं नाही. यातलं एकही विधान टिकत नाही.

'फक्त कामगारांना होतो.' हे तर 1965 सालीच खोडलं गेलं. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटातल्या आवरणाचा कॅन्सर, झालेल्या 76 जणांची लंडनमध्ये चौकशी झाली. त्यांतल्या 36 जणांनी ॲस्बेस्टॉसचं काम केलं नव्हतं, घरातही तसं कुणी नव्हतं. पण या 36 पैकी 11 जण ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले निघाले. जपानमधल्या अमागासाकीत कुबोता कंपनीच्या ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या कारखान्याभोवती वाऱ्याच्या दिशेला 2.2 किलोमीटरपर्यंत मेसोथेलिओमाचे मृत्यू वाढलेले आढळले.

इटलीतल्या काझाले मोनफेर्रातोचं उदाहरण वाचून तर जीव कळवळतो. एटर्निट कंपनीचा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना तिथे 1907 ते 1986 चालला. पाईप घासताना निघणारा भुगा गावकरी घरी न्यायचे, अंगणात पसरायचे, माळ्यावर टाकायचे. धुळीने माखलेले कामाचे कपडे बायका घरी धुवायच्या. रोमाना ब्लासोत्ती पावेझी यांचे पती याच कारखान्यात होते. ते मेसोथेलिओमाने गेले. मग बहीण गेली, कुटुंबातली आणखी दोन माणसं गेली, शेवटी मुलगी. पती सोडले तर यांपैकी कुणीही कारखान्यात कामाला नव्हतं. रोमानाबाई त्यानंतर वर्षानुवर्षं पीडितांच्या संघटनेचं नेतृत्व करत राहिल्या.

'पांढरं चालतं.' अमागासाकी आणि काझालेत ॲस्बेस्टॉसचा दुसरा प्रकार, निळं, तेही वापरलं जायचं आणि निळं जास्त घातक, हे मान्य. म्हणून पांढरं निर्धोक कसं ठरतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहेत. ब्राझीलमध्ये पांढऱ्याची स्वतःची खाण होती, तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये बंदी घातली.

'वीस वर्षांत काही झालं नाही.' हा आजार वर यायलाच बहुधा तीस-चाळीस वर्षं लागतात. काझालेचा कारखाना बंद पडून कित्येक वर्षं उलटली तरी तिथे नवे रुग्ण सापडतच राहिले. 'विडी-सिगारेटमुळे झालं असेल' हेही मेसोथेलिओमाला लागू नाही, त्याचा तंबाखूशी संबंध नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरचा आहे; तिथे धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की धोका कितीतरी पटींनी वाढतो.

राहिलं 'आपल्याकडे केसेस कुठे आहेत?' आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलं. तो आदेश कामगारांपुरता. भिंतीपलीकडच्या चाळीतल्या माणसाची नोंद त्यात येत नाही. नोंदच नाही, तर केस दिसणार कुठून?

तुमचं किंवा आईवडिलांचं लहानपण अशा कारखान्याजवळ गेलं असेल आणि दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा फुप्फुसाभोवती पाणी झालं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. कारखाना कुठे होता, तिथून किती लांब राहत होतात आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.