जुन्या पिकअपचा फॉल्ट बॅटरीत नाही, अर्थिंगमध्ये शोधा

पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गाडी दहा वर्षांची झाली की लाईटचा फॉल्ट शोधत बसू नका. दिवे कमी-जास्त होतात म्हणजे बॅटरी गेली. फ्यूज उडतो तर पुढच्या नंबरचा टाका. मीटरची बीप वाजली म्हणजे वायर चांगली. अल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढा. एवढ्यानं भागलं नाही तर अख्खी वायरिंग नवीन करा.’ रात्री भरल्या गाडीनं घाट उतरणारा माणूस हे वाचून कामाला लागेल, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात घातक सल्ला फ्यूजचा. फ्यूजचा नंबर वायरीच्या जाडीवरून ठरतो. 15 अँपिअरचा निळा उडतो म्हणून 30 चा हिरवा टाकला, तर फ्यूज टिकतो आणि वायर तापून शेजारच्या वायरींनाही घेऊन जळते. त्याऐवजी त्या लाईनवरचे दिवे काढा आणि फ्यूजच्या जागी 12 व्होल्ट, 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असला तरी करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच राहतो. आता हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत हलवत मागे सरका. चासीच्या क्लिपा, मागच्या पाट्यांजवळचा भाग, टेललॅम्पच्या कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) अलीकडची वीतभर वायर, इथे जास्त वेळ द्या. हात लागताच बल्ब पेटला किंवा विझला, की तिथलीच टेप सोडायची.

बॅटरीचं म्हणाल तर ती आधी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची तपासणीही यातच झाली. चालू गाडीत टर्मिनल काढलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर किंवा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, उडू शकतो. हे कुणी करू नये, कितीही जुना मिस्त्री सांगत असला तरी.

बीपचा मुद्दा वरवर पटतो. पण बीपसाठी मल्टिमीटर वायरीतून नगण्य करंट सोडतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते. हेडलाईटचे 55 वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअर ओढतात, तेव्हा तीच वायर हात टेकते. म्हणून दिवे चालू ठेवूनच मोजा: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी दिव्याच्या अर्थ वायरवर, म्हणजे करंट चासीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. एक व्होल्ट जरी वाटेत गेला तरी हॅलोजनचा उजेड पाव हिश्शानं कमी होतो. ब्रेक दाबल्यावर पार्किंगचा दिवाही मिणमिणला तर तेच समजा: अर्थ तुटलेला करंट दुसऱ्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतोय.

अख्खी वायरिंग जळली असेल तर बदलावीच लागते. एरवी नवा हार्नेस बहुतेक वेळा त्याच गंजलेल्या बोल्टांवर कसला जातो आणि पहिल्या पावसात दिवे पुन्हा फडफडतात. आधी बॅटरी सोडवून इंजिन ते चासी आणि केबिन ते चासी या दोन्ही अर्थ पट्ट्या काढा, बोल्टाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट कसा, वरून ग्रीस लावा.