चार वाजंत्री, एक स्पीकर

रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, सीडी प्लेअर आणि कॉम्प्युटर. वाजवणारे चार, आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीवर जोडणीची जागा एक. कपाटामागे हात घालून वायरी बदलणं हाच माझा व्यायाम झाला होता. कॅसेट डेक टाकून द्या म्हणणारे घरातच असतात, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. ऑडिओ मिक्सर, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करून पुढे पाठवणारं खोकं, घ्यायचं ठरलं.

एका जाणकाराने स्वस्तातला उपाय सांगितला, ‘दोन तोंडांची वायर आणून सगळं एकत्र गुंफून टाक.’ असं केलं तर एका यंत्राचा सिग्नल स्पीकरकडे जायचा सोडून दुसऱ्या यंत्राच्या आउटपुटमध्ये घुसतो, आणि दोघंही घसा बसल्यासारखी गातात. जाणकार तेवढं सांगायला थांबत नाहीत.

मग चॅनेलांचा हिशेब. खोक्यावर ठळक ‘१२ चॅनेल’. त्यातली ४ माइकची. उरलेल्या ८ ची डावी-उजवी जोडी लावली की स्टिरिओ यंत्रांना जागा राहते ४. मला गाणी ऐकायची होती, भाषण ठोकायचं नव्हतं. पण माइकवेगळा मिक्सर शोधणं कठीण. शिवाय माइकला ४८ व्होल्ट पुरवणारं फँटम पॉवरचं बटण. ज्याला मी जन्मात हात लावणार नाही, नेमका त्याचाच दिवा लालभडक.

माझ्या यंत्रांच्या पिना आरसीए, मिक्सरची भोकं पाव इंची जॅकची. म्हणजे अडॅप्टर आले. ते जाऊ द्या.

खरा छळ रेकॉर्ड प्लेअरने मांडला. सीडी प्लेअर ऐटीत २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. रेकॉर्डची सुई जेमतेम काही मिलिव्होल्ट पुटपुटते. नुसता नॉब पिळून भागत नाही, कारण रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. वाजवताना ते उलटं करून घ्यावं लागतं. त्यासाठी मधे फोनो प्रीॲम्प हवा, आणि अर्थिंगची बारीक वायर वेगळी. लाडावलेल्या धाकट्या भावासारखं याचं सगळंच निराळं. डीजे लोकांच्या मिक्सरमध्ये फोनोची सोय असते खरी, पण त्यावरचा क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी पट्टी, सरकवत मी भावगीतं ऐकतोय हे चित्र मलाच सोसवेना.

शेवटी कॉम्प्युटर जोडला आणि स्पीकरमधून घरघर सुरू झाली. दोन यंत्रांच्या अर्थिंगचा फेरा पूर्ण झाला की विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण गाण्यात शिरते. त्यावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आणखी एक डबी आणि आणखी दोन वायरी. कपाटामागची जागा पूर्वीपेक्षा दाट झाली.

हे सगळं शांतपणे बघत असलेल्या बायकोने विचारलं, “तू चारही एकदम लावणार आहेस का?”

“नाही.”

“मग एक बटण फिरवून हवं ते निवडायचं, असं काही मिळत नाही?”

मिळतं. सिलेक्टर स्विच. त्याला वीजही लागत नाही. पण त्याला सरकपट्ट्या नसतात, आवाजाबरोबर नाचणारे हिरवे दिवे नसतात. यातलं काही मी तिला बोललो नाही. “पुढेमागे लागेल,” एवढंच म्हणालो.

लागलंच. चिरंजीवांनी गेम सुरू केला. आता रेकॉर्डवरच्या विलंबित आलापातून मशीनगनचा गोळीबार ऐकू येतो, दोन्ही अगदी समान पातळीवर, डावं-उजवं स्वच्छ, घरघरीचं नाव नाही.