दुतोंड्या मारुतीचा कित्ता गिरवू नका

पावसाळ्यात नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली पुराची पातळी दाखवणारी मूर्ती, जे करतो, ते कचेरीत चुकूनही करू नका. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. नाशिककर एवढं बघतो आणि टपरीतला माल हलवायला लागतो. ना जावक क्रमांक, ना संदर्भ! तुम्ही इतकं थेट कळवलंत तर लोक खरंच हलतील, आणि मग खुलासा तुम्हाला द्यावा लागेल.

तुम्ही लिहायचं : 'धरणातून अमुक क्युसेक विसर्ग सुरू असल्याने नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी.' क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे घाटावर कोणाला सांगायचं नाही. पाणी किती वाजता कुठल्या पायरीला लागेल, हे तर नाहीच नाही. पायरी चुकू शकते. 'योग्य ती दक्षता' आजवर कधी चुकलेली नाही.

विषय नेहमी 'बाबत'वर संपवा. 'पथदिवा दुरुस्त करणेबाबत' यात तुम्ही मागताय, देताय की नाकारताय, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. 'सोबत : वरीलप्रमाणे' लिहा आणि काही जोडू नका. मजकुरात 'कळविण्यात येते', 'करण्यात यावी' असंच लिहा, म्हणजे वाक्यात कर्ता सापडत नाही. प्रती चौघांना तरी द्या. चौघेही उरलेले तिघं बघतील असं धरून चालतात.

पत्र कृतिदेवात टाइप करून वर्डची फाइल पाठवणं हा जुना पण खात्रीचा उपाय. कृतिदेव इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतो. पलीकडच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमधलं पत्र शोधलं की सापडतं. कशाला ही आफत?

आता कायदा. २००५ च्या विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. घाबरू नका, सातव्या दिवशी एक त्रुटी काढा. एकच. चार दिसत असतील तर चारही एकदम कळवणं हा नव्याने लागलेल्यांचा उतावळेपणा; उरलेल्या तीन पुढच्या फेऱ्यांना पुरतात. त्याच कायद्यात दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या फाइलवर ४५ दिवसांत निर्णय घ्यायचा असतो, पाठवावी लागली तर तीन महिन्यांत. तेव्हा पथदिव्यावरही अभिप्राय मागवा. उद्यानाचा मागवा. दिव्याजवळ एखादं झाड असतंच.

एवढं करूनही अर्जदार टेबलाशी आलाच, तर नजर वर न करता म्हणा, "साहेब मीटिंगला गेलेत."

"कसल्या?"

"सिंहस्थाच्या." नाशकात यावर कोणी पुढे विचारत नाही. सिंहस्थ उरकल्यावर विचारलंच, तर आढावा बैठक आहे.