छडी परत आणून काय होणार आहे?

गावाकडच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, तिसरी-चौथीतली पोरं वर्गात शिव्या देतात, मारामाऱ्या करतात, बाईंना उलटं बोलतात, आणि बहुतेकांचं म्हणणं असं की आरटीईने, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने, मास्तरांच्या हातातली छडी काढली आणि तिथूनच सगळं बिघडलं. मला हे अजिबात पटत नाही.

मी इथे लीड्सला प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांतली छडी 1986 च्या कायद्याने गेली, आपला आरटीई 2009 चा. मग इथली पोरं शांत आहेत का, तर नाही. खुर्च्या फेकतात, चावतात, टेबलाखाली जाऊन बसली की तासभर बाहेर येत नाहीत. पण असं झालं की आधी विचारलं जातं, रात्री झोपला होतास का, सकाळी काही खाल्लंस का, घरी कोण असतं, आणि बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं: आईबाप वेगळे होतायत, अख्खं कुटुंब काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दिलेल्या एका खोलीत राहतंय, नाहीतर रात्री बारापर्यंत हातात फोन. शाळेत सेन्को म्हणून एक शिक्षक असतो, विशेष गरजा असलेल्या मुलांचं बघणारा, तो मग आईबापांना बोलावून घेतो.

इथलं सगळं छान आहे असंही नाही हं. 2023-24 मध्ये इंग्लंडच्या शाळांनी जवळपास साडेनऊ लाख वेळा मुलांना काही दिवस घरी बसवलं, त्यात हायस्कूलचीच जास्त पण प्रायमरीचीही आहेत, आणि गरिबाघरच्या, शाळेत फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण कितीतरी जास्त. याचा मला फार राग येतो, कारण ज्याला शाळेची सगळ्यात जास्त गरज त्यालाच बाहेर काढतात.

आणि आपल्याकडे छडी कोणाला बसणार? बीडकडची पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात, मधलं सगळं बुडालेलं, वर्गात काय चाललंय कळत नाही म्हणल्यावर ती दंगा करणारच ना. कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, पण त्याच शिक्षकाला निवडणूक, जनगणना पण करायचीय, आणि दोनशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र घेणाऱ्या बाईंनी बाळा काय झालं हे विचारायचं कधी?

म्हणून ग्रुपवर मी लिहिलंय, भांडायचंच तर केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, एका समुपदेशकासाठी भांडा, आणि आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरांना गावातच राहता यावं म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहांसाठी, ती ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी सुरू झाली पाहिजेत, पोरं कारखान्यावर पोचल्यावर नाही.