सगळ्यांचा बॅकअप एकदम, म्हणजे बॅकअपचेच बारा

परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतून मामांचा फोन. "काय रे, बॅकअपच्या वेळा असल्या मागंपुढं कशाला लावल्यास? मी सगळ्या मशिनला रात्री १२ करून टाकलंय."

मामांचा टॉवेलचा कारखाना. ऑफिसात ९ संगणक, आणि सगळ्यांचा बॅकअप एकाच नॅसवर (नेटवर्कला जोडलेला, हार्डडिस्कवाला साठवणीचा डबा). वेळा मीच अर्ध्या-अर्ध्या तासानं लावलेल्या. हे कुणी सांगितलं विचारलं, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज त्यांनी माझ्याकडं ढकलला. त्यात चार गोष्टी आहेत: एकाच वेळी लावला की बॅकअप लवकर उरकतो, सगळीकडचा डेटा एकाच क्षणाचा राहतो, संगणक बंद असला तरी सकाळी आपोआप होतो, आणि रात्री २ ची वेळ देऊ नका, घड्याळ मागं जातं.

घड्याळाचं आधी निकालात काढतो. घड्याळ मागंपुढं करतात ते अमेरिकेत, युरोपात. तिथं पहाटेचा एखादा तास वर्षातून एकदा गायब होतो आणि एकदा दोनदा येतो, त्यामुळं तिथल्यांना ही काळजी खरी. आपलं घड्याळ बाराही महिने तेच. कुणीतरी इंग्रजीतलं उचललंय आणि वाचलंसुद्धा नाही.

आता 'लवकर उरकतो'. हे वाचून डोकंच फिरलं. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की काय होतं, हे सोलापूरकराला सांगायला पाहिजे का? पाइप तेवढाच.

आकडेच घ्या. मामांचा स्विच (सगळ्या संगणकांच्या वायरी जिथं जोडतात तो डबा) जुना, १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट. नॅसकडं जाणारी वायर एकच, तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १२ एमबी जाणार. शनिवारी रात्री पूर्ण बॅकअप असतो, मशिनमागं साधारण २० जीबी, म्हणजे ९ मशिनचे १८० जीबी. एकत्र सोडा नाहीतर एकामागं एक, चार तास लागणारच. एकत्र सोडले तर जास्तच लागतील, कारण नॅसमधल्या हार्डडिस्कचं हेड, म्हणजे लिहिणारी सुई, ९ जागी उड्या मारत लिहितं. नवा गिगाबिट स्विच आणला तरी हे हेड काही बदलत नाही.

आणि २ वाजता लाइट गेली तर? एकामागं एक लावलं असेल तर एका मशिनला २८ मिनिटं लागतात (अर्धा तास मी हवेतून काढला नव्हता), म्हणजे तोवर ४ मशिन पूर्ण झालेली असतात. एकत्र लावलं असेल तर नऊही मशिन निम्म्यावर आणि पूर्ण एकही नाही. बॅकअप घेतला म्हणून मालक मात्र निवांत झोपलेला.

माझ्यावर विश्वास नसेल तर लिनक्समधल्या (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) सिस्टमडी टायमरचं, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीचं, मॅन्युअल बघा. एकसारख्या वेळा लावलेली कामं एकदम सुटून साधनांवर ताण येऊ नये, म्हणून सुरुवातीला कमीजास्त उशीर घालायची सोय मुद्दाम दिलीय, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. विंडोजमध्ये हेच काम करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्येही तसा रँडम डिले आहे. दोन्हीकडच्या लोकांना काय वेड लागलं होतं?

'एकाच क्षणाचा डेटा' यात थोडं तथ्य आहे, मान्य. एकाच सॉफ्टवेअरचा डेटा दोन मशिनवर विभागलेला असेल तर दोन्ही बॅकअप जुळले पाहिजेत. पण मामांचा सगळा हिशोब अकाउंटच्या एका मशिनवर. बाकीच्यांवर डिझाइनच्या फायली आणि पत्रं, त्यांचं एकमेकांशी काय जुळवायचंय? शिवाय चार तास चालणारी कॉपी 'एका क्षणाची' कशी होते, तेवढं मेसेजवाल्यानं सांगावं.

'सकाळी आपोआप' हे तर अर्धवट ज्ञान. टास्क शेड्युलरमध्ये चुकलेलं काम नंतर चालवायची खूण स्वतःहून करावी लागते, आणि लिनक्समधला साधा क्रॉन (वेळ लावायची जुनी सोय) चुकलेलं काम सोडूनच देतो. खूण केली असली तरी विंडोज ते काम साधारण १० मिनिटं थांबून सुरू करतं. म्हणजे १० ला ऑफिस उघडलं, नऊही संगणक चालू झाले, की १० वाजून १० मिनिटांनी नऊही बॅकअप एकदम सुटणार. दारात ट्रक उभा, ड्रायव्हर कागद मागतोय आणि बिलाचा पडदा हलत नाही.

शनिवारी दुपारी जाऊन वेळा पुन्हा लावून आलो. अकाउंटच्या मशिनला पहिला नंबर दिला, रात्री १२ चा. तेवढ्यावर मामा खूश.