छापून झाल्यावर काय सांगता?

आमच्याकडे सहकाऱ्यांसमोर संशोधन मांडायचं म्हणजे पेपर छापून आला की त्याची पीपीटी करायची. तासाभरातली पन्नास मिनिटं आपणच बोलायचं. मग कुणीतरी ज्येष्ठ सर "प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे" म्हणत उरलेली दहा खाणार. आभार, फोटो, संपलं. मी स्वतःही हे बऱ्याचदा केलंय, म्हणून हक्काने लिहितेय: त्या कामात आता बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं!

रात्रपाळीच्या परिचारिकांवर काम करत होते. चाळीस मुलाखती झाल्या होत्या, निष्कर्षाचा पत्ता नव्हता. शेजारच्या केबिनमध्ये भाषाशास्त्राच्या मॅडम. सहा वर्षांत "नमस्कार"च्या पुढे गाडी गेली नव्हती. एकदा सहज एका मुलाखतीची दोन पानं त्यांना वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीच्या खुणांसकट परत आली. "कामाबद्दल बोलताना ही बाई 'मी' म्हणते. थकव्याची गोष्ट आली की 'माणूस थकतोच ना' म्हणते. बघितलंत?"

नव्हतं बघितलं.

"आणि बोलताना ती कुठेच अडखळली नाही?" अडखळली होती. वाचायला बरं दिसावं म्हणून मीच ते काढून टाकलं होतं. सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकण्यात तीन महिने गेले. मनातल्या मनात मॅडमना बरंच काही बोलले, पण त्या 'मी' आणि 'माणूस'वरच पुढे माझं अख्खं प्रकरण उभं राहिलं.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात मार्क ब्लोक आणि ल्युसियाँ फेव्र हे दोन इतिहासकार होते. तिथे वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक शनिवारी चर्चेला जमत. समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स त्यांचे सहकारी. त्यांचं सामूहिक स्मृतीवरचं पुस्तक १९२५मध्ये आलं. ब्लोकनी त्याच वर्षी त्यावर लिहिलं, आणि नुसतं कौतुक केलं नाही: व्यक्तीच्या मानसशास्त्रातले शब्द समूहाला सरसकट लावता येतील का, असा आक्षेप घेतला. १९२९मध्ये ब्लोक आणि फेव्र यांनी 'आनाल' हे नियतकालिक काढलं तेव्हा संपादक मंडळात हाल्बवाक्स होते. आमच्याकडे असा आक्षेप घेतला असता तर दोघांनी कॉरिडॉरच बदलला असता.

कल्पना चोरीला जाईल ही भीती खोटी नाही. पीएच.डी. करणाऱ्यांना तर ती असणारच. त्यांना आधी उभं करून ज्येष्ठांनी मागे बसून गुण देणं मला पटत नाही. नोकरी पक्की असलेल्यांनी आधी आपलं कच्चं काढावं. प्रोफेसरांचं अडलेलं प्रकरण एकदा सगळ्यांनी पाहिलं की बाकीच्यांच्या फायली आपोआप उघडतात.

परवा मॅडमनी त्यांचं अर्धवट प्रकरण माझ्या टेबलावर ठेवलं. समासात पेन्सिलीने लिहिलंय, "आकड्यांचं माझं जमत नाही, इथे बघा." माझंही कुठे जमतंय! सोमवारी दोघी मिळून अर्थशास्त्राच्या सरांचं दार ठोठावणार आहोत. सर तसे तिरसट आहेत.